चढायचं एकीकडून, निघायचं दुसरीकडून

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मावशी, नाणेघाटाला गाडी घेऊन गेलो तर खाली पार्किंगची सोय आहे का?" मी म्हटलं, गाडी कशाला नेतोस? एसटीने जा. तो हसला. त्याला वाटलं मावशी पैसे वाचवायला सांगतेय. आमच्या पिढीची ती ख्याती आहेच, आणि ती अगदीच खोटी नाही. पण या वेळी मुद्दा पैशांचा नव्हता. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बाकीच्या भाचरांनीही वाचावं. नेहमीच्या वाचक मंडळींना माझं एसटीपुराण नवं नाही, तेव्हा त्यांनी सांभाळून घ्यावं!

आधी थोडा भूगोल. चौतीस वर्षं शिकवला आहे, सवय जात नाही. नववीच्या वर्गात मी फळ्यावर महाराष्ट्राचा आडवा छेद काढत असे. डावीकडे समुद्र, मग कोकणची सखल पट्टी, मग एकदम उभी भिंत म्हणजे सह्याद्री, आणि भिंतीच्या माथ्यावरून उजवीकडे हळूहळू उतरत गेलेलं देशावरचं पठार. मुलांना मी म्हणायची, हा डोंगर नाही रे, ही पायरी आहे. कोकणातून पाहिलं तर डोंगर, देशावरून पाहिलं तर जमिनीचा काठ.

या एका आकृतीत एसटीने भटकण्याचं सगळं मर्म आहे. कोकणातून घाटवाट चढून तुम्ही माथ्यावर आलात की समोर गाव असतं, शेतं असतात, डांबरी रस्ता असतो आणि बऱ्याच ठिकाणी एसटीही असते. म्हणजे चढायचं कोकणातून आणि गाडीत बसायचं देशावर. पण तुमची मोटार खाली पायथ्याला उभी असेल तर? तर तुम्हाला आल्या वाटेने उतरावंच लागतं. मोटारीला खुंटीसारखे बांधले जाता तुम्ही. जुन्या काळचा व्यापारी कल्याण बंदरातून माल बैलांवर लादून निघाला की नाणेघाटाने जुन्नरला पोचायचा आणि तिथून पुढे जायचा. खाली पार्किंगला परत यायची त्याला गरज नव्हती!

आता हा मुद्दा माझ्यासाठी नुसता गमतीचा का राहिला नाही, ते सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी फोटो काढले, झीज दाखवली आणि विचारलं, "आजी, जिने किती चढता?" मी म्हटलं जिने नाही, डोंगर चढते. ते जरा गप्प झाले. मग समजावून सांगितलं की चढताना दमतं ते हृदय आणि फुफ्फुस, गुडघ्यावर खरा मार बसतो तो उतरताना. तुमचं हृदय ठीक आहे, तेव्हा बेताने चढा, पण उतरणं शक्यतो टाळा. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "झालं, म्हणजे ट्रेकिंग बंद. चढलेलं माणूस उतरणारच ना?" सून काही बोलली नाही, पण तिलाही तसंच वाटलं असावं. मी मात्र मनातल्या मनात फळ्यावरची ती आकृती काढत होते. चढलेल्या माणसाला उतरावंच लागतं असं कोणी सांगितलं? सह्याद्री ही पायरी आहे. पायरी चढून पुढे निघून जाता येतं, फक्त वर कोणीतरी न्यायला यायला हवं. आणि ते येतं. लाल रंगाचं, खडखडत, थोडं उशिरा.

मुलाने त्यावरही उपाय काढला होता. जुन्नरकडून आता मोटार थेट नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाते. "मी तुला गाडीने वर नेतो, चार पायऱ्या उतरून लेणं बघ, की परत." त्याच्या मनात काळजीच आहे, मला कळतं. पण ते नाणेघाट बघणं झालं, नाणेघाट चढणं नव्हे. १९७८ साली लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही दोघं पहिल्यांदा ती वाट चढलो, त्यानंतर शाळेची किती मुलं मी त्या वाटेने नेली त्याचा हिशोब नाही. ती वाट मोटारीतून उतरून बघायला जाणं मला जमणार नाही. वरून खाली डोकावून परत फिरायचं, म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान वाचून पुस्तक मिटल्यासारखं.

तर आता नाणेघाट. भाच्या, नीट वाच.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी एसटी धरायची. अहिल्यानगर, आळेफाटा, जुन्नर, ओतूर, पाटी कोणतीही असो, गाडी माळशेजवरून जाते ना एवढं विचारून घ्यायचं. मुरबाड, टोकावडे आणि मग वैशाखरे. वैशाखरे सोडल्यावर थोडं पुढे रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी दिसते. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावं, "नाणेघाटाच्या वाटेला उतरायचंय." लांब पल्ल्याची गाडी असेल तर तिथे थांबेल का हेही आधीच विचारावं, उगाच नंतर वाद नको. खिडकीशी बसायचं झालं तर चालकाच्या मागची बाजू, कारण टोकावड्यानंतर नानाचा अंगठा दिसायला लागतो. कड्याचं ते टोक दिसलं की माझ्या विद्यार्थ्यांची सगळी गाडी एका बाजूला झुकायची.

वाट ओळखीची होईपर्यंत रानातून जाते. सुरुवातीला बरीचशी सपाट आहे, त्यामुळे पाय मोकळे होतात. मग चढ लागतो आणि पुढे पुढे दगडी फरसबंदी आणि झिजलेल्या पायऱ्या दिसू लागतात. तरणी माणसं दोन-अडीच तासांत वर जातात. मला गेल्या खेपेला साडेतीन तास लागले आणि त्यात मी एक मिनिटही वाया घालवलं असं मला वाटत नाही. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येतो आणि मधून ती चिंचोळी नाळ. नाळेच्या अलीकडे लेणं आहे.

या लेण्याबद्दल मी किती वेळा बोलले आहे, तरी कंटाळा येत नाही. आत भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा. तिने आणि तिचा पती सातकर्णी याने केलेले यज्ञ, त्यात दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाणी यांची यादीच आहे तिथे. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईच्या नावाने व्यापारी रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा जागी, एवढा मोठा लेख कोरला गेला. मुली असलेल्या वर्गाला मी हे वाक्य मुद्दाम दोनदा सांगायची. तिथेच राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आज त्यांची पावलं तेवढी उरली आहेत. आणि त्या दानांच्या संख्या! आकडे कोरलेले आहेत भिंतीवर, आपल्याकडच्या फार जुन्या अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन आडव्या रेघा. गणित नावडणारी मुलंसुद्धा तिथे बोट दाखवून मोजत बसायची.

वर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. वारा एवढा की टोपी हातात धरावी लागते. तिथून घाटघर गावाच्या दिशेने चालत निघायचं. समोर जीवधन आणि त्याला बिलगून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. घाटघरहून जुन्नरची एसटी. जुन्नरहून पुन्हा माळशेज उतरून कल्याण, किंवा नारायणगावला येऊन पुणं.

घाटघरच्या गाडीची वेळ मी मुद्दाम लिहीत नाही. वेळा बदलतात आणि इथे लिहिलेलं वाचून कोणी संध्याकाळी फाट्यावर बसून राहिलं तर मला शिव्या पडतील. जुन्नर स्थानकात चौकशीच्या खिडकीवर विचारणं हाच खरा मार्ग. आमच्या ह्यांनी त्यासाठी एक लांबडी वही केली होती. डेपोवार पानं, गावाचं नाव शाईने आणि वेळ पेन्सिलीने. "गाव हलत नाही, वेळ हलते," म्हणायचे. मुक्कामी गाडी असेल तर पुढे छोटासा चंद्र काढलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुक्कामी म्हणजे रात्री शेवटच्या गावात जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच शहराकडे निघणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. डोंगर चढायला येणाऱ्यांना यासारखी सोय नाही, आदल्या रात्री पायथ्याला पोचायचं आणि उजाडताना चढायला लागायचं. २०१७ साली हे गेले. वहीतली एकही वेळ आता खरी नसेल, पण ती मी टाकलेली नाही. गावं सगळी जागच्या जागी आहेत.

वेळांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तेव्हा खरी होती आणि आजही खरी आहे. आडगावच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या वेळांवर बांधलेल्या असतात. सकाळी मुलांना घेऊन येणारी आणि संध्याकाळी सोडणारी. त्यामुळे रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात त्यातल्या काही फेऱ्या नसतात. शहरातली मंडळी भटकायला निघतात ती नेमकी रविवारी आणि सुट्टीत! मग "एसटीचा काही भरवसा नाही" असं म्हणत परततात. अरे बाबांनो, ती गाडी तुमच्यासाठी नाहीच मुळी. ती पाचवीतल्या मुलीसाठी आहे. तुम्ही शनिवारी या, तिच्या शेजारी बसा.

मी तेच केलं. डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. त्या वर्षी मला पंचाहत्तर पूर्ण झाली होती, त्यामुळे एसटीचा प्रवास मोफत. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे. त्याच्या आधी पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट होतंच, आणि मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. ते तिकीट मी जपून ठेवलं आहे. आयुष्यभर फी भरणाऱ्या माणसाला शून्याची पावती मिळाली की गंमत वाटते!

बरोबर माझे दोन माजी विद्यार्थी होते. आता तेही पन्नाशी ओलांडलेले, एकाच्या मुलीचं लग्न झालंय. त्यांनी माझी पिशवी घेतली, पण हात धरू दिला नाही मी. मुलाशी करार असा होता: एकटीने जायचं नाही, फोन चार्ज हवा, आणि वर गाडी चुकलीच तर घाटघरला राहायचं, अंधारात काही करायचं नाही. करार मला मान्य होता. तो माझा मुलगा आहे, वैरी नाही.

दुपारी घाटघरला पोचलो. गाडी यायला वेळ होता. आली तेव्हा आतून दप्तरं पाठीला लावलेल्या मुली उतरल्या, शनिवारची अर्धी शाळा सुटलेली. गाडी लगेच निघणार नव्हती, कंडक्टर पाणी प्यायला गेला होता. त्यातली एक मुलगी, सहावी-सातवीतली असावी, माझ्याकडे बघत थांबली. "आज्जी, तुम्ही खालनं आलात? चालत?" मी हो म्हटलं. तिने माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. मी विचारलं, लेण्यात गेलीस का कधी? "किती वेळा. आम्ही गुरं घेऊन जातो तिकडं." तिथे भिंतीवर काय लिहिलंय माहीत आहे? ती म्हणाली राजाचं काहीतरी. मी म्हटलं, राणीचं. गाडीच्या मागच्या काचेवर धूळ साचली होती. त्यावर मी बोटाने एक आडवी रेघ काढली, खाली दोन काढल्या. हे एक, हे दोन. पुढच्या वेळी गेलीस की शोध. तिने लगेच विचारलं, "आणि दहा?" त्याचं चिन्ह मी काढलं ते तिला आवडलं नाही, म्हणाली हे काही दहासारखं दिसत नाही. कंडक्टर आला, घंटी झाली.

परतीच्या त्या तासाभरात माझ्या मनात हेच चाललं होतं की माझा गुडघा आणि या मुलीची शाळा एकाच गाडीवर लटकलेली आहेत. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. पण पास असून भागत नाही, गाडी यावी लागते. करोनात मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, मग २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला. त्या दोन वर्षांत लोकांनी मोटारसायकली घेतल्या, जीपवाल्यांची सवय लावून घेतली. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो गेला. उरल्या त्या म्हाताऱ्या आणि शाळेतल्या मुली. रिकामी गाडी किती दिवस पळणार? म्हणून मी भाच्याला म्हणते, पंचवीस-तीस माणसं सात मोटारी घेऊन जाण्याऐवजी एका गाडीत बसून गेली तर त्या फेरीच्या हिशोबात ती दिसतील. उपकार म्हणून नको, सोय म्हणून जा. मी काही समाजसेवेला जात नाही, मला उतरायचं नसतं एवढंच!

असो. नाणेघाटावरच गाडी अडकली. बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते.

भीमाशंकर माझ्या हिशोबात बसतो. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला एसटीने जायचं आणि गणेश घाटाने चढायचं. शिडी घाट जवळचा आहे, पण त्या शिड्यांवर हसतमुखाने जाणाऱ्यांनी आधी घरच्यांना विचारावं. माझं त्याबद्दलचं मत प्रतिकूल आहे आणि पावसाळ्यात तर फारच. गणेश घाट लांबचा, पण चालण्यासारखा. वर गेलं की दाट रान, नशीब असेल तर शेकरू दिसतं, आणि तिथून मंचर, पुण्याकडे गाड्या. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळावी. जादा गाड्या असतात, पण जादा माणसं त्याहून जास्त असतात.

राजमाची सगळे लोणावळ्याहून चालत जातात आणि कोंदिवड्याला उतरतात. तरुणांनी तसंच करावं. गुडघेवाल्यांनी उलटं करावं: कर्जतहून कोंदिवडे, कोंढाणे लेणी बघत वर उधेवाडीला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्यापर्यंतची लांब पण सोपी चाल. शेवटी लोकल असते, तेव्हा परतीची चिंता नाही.

हरिश्चंद्रगड मी अडुसष्टाव्या वर्षी शेवटचा केला. माळशेजच्याच रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, मग टोलारखिंड. खिंडीच्या वरच्या कातळावर आता रेलिंग आहे. मंदिराच्या परिसरात, केदारेश्वराच्या गुहेत पुरेसा वेळ काढायचा आणि पाचनईकडे निघायचं. पाचनई मुळातच उंचावर, त्यामुळे ती उतरण त्यामानाने छोटी. तिथून राजूरची गाडी, राजूरहून अकोले-संगमनेर. हा बेत पुन्हा करायची इच्छा आहे, पण मुलाशी अजून बोललेले नाही. तो हे वाचेलच.

राजगड-तोरणा गुंजवण्याहून चढून वेल्ह्याला उतरायचं, स्वारगेटची गाडी. चढउतारांचा धडाका आहे. तो तुम्हा पोरांसाठी.

पुढचा बेत गणेश घाटाचा आहे. दिवाळीनंतर, शाळा सुरू झाल्यावर, शनिवार बघून. माजी विद्यार्थी तयार आहेत, भाच्याचं अजून कळलेलं नाही. यायचं असेल त्यांनी आधी कळवा. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, भाकरी मी आणीन, ठेचा सून देते म्हणाली. सुट्टे पैसे जवळ ठेवा. कर्जत स्थानकाबाहेर सकाळी भेटायचं, वेळ चौकशीच्या खिडकीवर विचारून कळवते.